व्होल्ट आणि अँपिअर: दोन आकड्यांवरून विजेचा हिशेब कसा करावा?

आपले कारखानदार बंधू सुताच्या दरात थोडा फरक पडला तरी लगेच ओळखतात. गाठीचे वजन, ताण्याची लांबी, मजुरीचा दर हे सारे त्यांच्या तोंडपाठ असते. पण विजेचा विषय निघाला की तेच बंधू "ते मिस्त्रीला विचारा" म्हणून मोकळे होतात. वास्तविक वीज हासुद्धा विकत घेतलेला मालच आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग असोत, शिलाईचा कारखाना असो की बेकरी असो, दर महिन्याला या मालाचे बिल भरावेच लागते. शिवाय सूत चुकीचे आले तर नुकसान कापडापुरते होते. विजेचा हिशेब चुकला तर शेडच पेटू शकते.

हा हिशेब कठीण नाही. व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे मीटरवर वाचता आले आणि गुणाकार-भागाकार येत असला की पुरे. या दोन आकड्यांवरून यंत्र किती वीज खाते, बिल बरोबर आहे का, वायर पुरेशी जाड आहे का आणि भिंतीत कोठे सैल जोड तापत आहे का, हे सारे कळू शकते. ते कसे, हे आज क्रमाने पाहू.

चार शब्दांची ओळख

व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. घरगुती जोडणीत हा दाब २३० व्होल्टच्या आसपास असतो. थ्री-फेज जोडणीत दोन फेजमध्ये तो ४०० ते ४१५ च्या आसपास असतो.

अँपिअर म्हणजे तारेतून वाहणारा प्रवाह. यंत्र बंद असताना दाब असतो, पण प्रवाह नसतो. बटण दाबले की प्रवाह सुरू होतो.

ओहम हे अडथळ्याचे माप. उर्दू शाळेत आम्ही ज्याला 'मुजाहमत' म्हणत असू, त्यालाच मराठी पुस्तकांत 'रोध' म्हणतात. तार लांब असेल तर रोध जास्त, जाड असेल तर कमी. तांब्याचा रोध कमी, इस्त्रीतील नायक्रोमच्या तारेचा पुष्कळ जास्त.

वॅट म्हणजे शक्ती, अर्थात यंत्र दर सेकंदाला किती वीज खर्च करते त्याचे माप. मोटारीवर हॉर्सपॉवर लिहिलेले असते. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट.

दोनच सूत्रे

पहिले सूत्र रोधाचे: व्होल्ट भागिले अँपिअर बरोबर ओहम. गेओर्ग झिमोन ओहम या जर्मन शाळामास्तराने १८२७ साली हा नियम पुस्तकरूपाने मांडला. त्याचेच नाव पुढे या मापाला मिळाले.

दुसरे सूत्र शक्तीचे: व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. व्यापाऱ्याला हे समजायला अवघड नाही. कापडाचा दर गुणिले मीटर बरोबर रक्कम, हा आपला रोजचा हिशेब. येथे व्होल्ट हा दर समजा आणि अँपिअर हे मीटर समजा, म्हणजे वॅट ही रक्कम झाली. तिन्हींपैकी दोन आकडे माहीत असले की तिसरा काढता येतो.

या दोन सूत्रांतूनच एक तिसरे निघते आणि ते सर्वांत उपयोगाचे आहे: अँपिअर गुणिले अँपिअर गुणिले ओहम बरोबर उष्णतेचे वॅट. प्रवाह दुप्पट झाला तर तारेतील उष्णता दुप्पट नव्हे, चौपट होते. प्रवाह तिप्पट, तर उष्णता नऊपट. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड गावातील जेम्स जूल याने हे प्रयोगाने सिद्ध करून १८४१ साली प्रसिद्ध केले. त्याच्या घरी बिअर बनवण्याचा धंदा होता आणि वाफेच्या इंजिनाऐवजी विजेची मोटार परवडेल का, हा त्याचा मूळ प्रश्न होता. म्हणजे हा नियमसुद्धा कारखान्याच्या खर्चाच्या हिशेबातूनच पुढे आला.

इस्त्रीचे उदाहरण

शिलाईच्या कारखान्यातील १००० वॅटची इस्त्री घ्या. तिच्यावर २३० व्होल्ट लिहिले आहे. १००० ला २३० ने भागले की ४.३५ अँपिअर आले. आता रोध काढा. २३० ला ४.३५ ने भागले की सुमारे ५३ ओहम येतात. हा त्या इस्त्रीच्या आतील तारेचा रोध झाला.

समजा संध्याकाळी दाब उतरून १८० व्होल्ट झाला. इस्त्रीची तार तीच, म्हणून रोध तोच, ५३ ओहम. प्रवाह किती? १८० भागिले ५३, म्हणजे ३.४ अँपिअर. शक्ती किती? १८० गुणिले ३.४, म्हणजे सुमारे ६१२ वॅट. दाब जेमतेम पाचव्या हिश्श्याने उतरला, पण इस्त्रीची शक्ती ६१ टक्क्यांवर आली. कारागीर सांगतो की इस्त्री तापत नाही, तेव्हा तो कामचुकारपणा करीत नसतो. दाब मोजला तर खरे कारण समोर येते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. काही वस्तूंचा रोध तापल्यावर फार बदलतो. १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा रोध पेटल्यावर ५२९ ओहम असतो, पण थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी भरतो. म्हणून वस्तू चालू असतानाचे व्होल्ट आणि अँपिअर घेऊन रोध काढावा. तोच खरा कामाचा आकडा.

बिलाची पडताळणी

वीज बिलातील १ युनिट म्हणजे १००० वॅट एक तासभर. वॅट गुणिले तास, भागिले १०००, एवढाच हिशेब. १००० वॅटची इस्त्री दिवसातून प्रत्यक्ष ६ तास तापली तर ६ युनिट. महिन्याचे २५ दिवस धरले तर १५० युनिट. आपल्या बिलावर जो दर असेल त्याने गुणावे.

मीटर बरोबर चालतो की नाही, हेही घरबसल्या पाहता येते. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुक, हा आकडा मीटरवर छापलेला असतो. पुष्कळ मीटरवर तो ३२०० असतो. म्हणजे १००० वॅटचा भार असेल तर तासाला ३२०० आणि मिनिटाला सुमारे ५३.

बाकी सर्व वस्तू बंद करून फक्त इस्त्री लावा. समजा मोजल्यावर २२५ व्होल्ट आणि ४.२ अँपिअर आले. गुणाकार ९४५ वॅट. म्हणजे मिनिटाला सुमारे ५० वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. मोजताना इस्त्री आपोआप बंद होत नाही ना, एवढे पाहावे. दोन-चारचा फरक आला तर काळजी नाही. ५० च्या जागी ६५ आले तर प्रथम दुसरी एखादी वस्तू चालू राहिली आहे का ते पाहा. ती नसेल तर मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज द्या आणि अर्जात हे आकडे लिहा. आकड्यांसह केलेली तक्रार टाळणे सोपे नसते.

एकाच मीटरवर दोघे-तिघे धंदा करतात, तेथेही हा हिशेब भांडण टाळतो. गाळा एकाचा, शिलाईची यंत्रे दुसऱ्याची आणि महिनाअखेरीस बिलावरून तोंडे फिरतात, हे अनेक ठिकाणी घडते. प्रत्येक यंत्राचे वॅट आणि रोजचे तास एका वहीत लिहून ठेवले तर कोणाच्या वाट्याला किती युनिट आले, हे उघड होते. दोघांनी मिळून मोजावे, दोघांनी सही करावी. स्वतंत्र सब-मीटर बसवता आला तर त्याहून उत्तम.

वायरही वीज खाते

वायर फक्त वीज वाहून नेते असे आपण समजतो. पण वायरलाही रोध आहे. तांब्याच्या दीडच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या वायरचा रोध १००० मीटरला सुमारे १२ ओहम असतो. अडीचच्या वायरचा सुमारे साडेसात, तर एकच्या वायरचा सुमारे १८.

समजा मीटरपासून इस्त्रीचे टेबल ३० मीटर लांब आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून वायर ६० मीटर धरावी. दीडच्या वायरचा रोध सुमारे ०.७२ ओहम झाला. दोन इस्त्र्या आणि किरकोळ भार मिळून १० अँपिअर प्रवाह असेल, तर वाटेत १० गुणिले ०.७२, म्हणजे ७ व्होल्टच्या वर दाब खर्ची पडतो. उष्णता १० गुणिले १० गुणिले ०.७२, म्हणजे ७२ वॅट. रोज १० तास आणि २५ दिवस धरले तर १८ युनिट निव्वळ वायर तापवण्यात जातात. अडीचची वायर असती तर हेच सुमारे ११ युनिट झाले असते. एकची वायर टाकली असती तर २७ युनिट गेले असते. वायर घेताना वाचवलेले पैसे असे दर महिन्याला परत द्यावे लागतात.

सैल जोड: शेडमधील छुपी शेगडी

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वरच्या उदाहरणात ७२ वॅट उष्णता ६० मीटर वायरीत पसरली, म्हणजे मीटरमागे सव्वा वॅटसुद्धा नाही. वायरला हात लावला तर कळणारही नाही. पण तीच उष्णता एका ठिकाणी जमली तर?

सॉकेटमधील सैल स्क्रू, नुसती पिळून टेप मारलेली वायर, काळी पडलेली फ्यूजची पट्टी, या ठिकाणी रोध वाढतो. तो अर्धा ओहम झाला तरी १० अँपिअर प्रवाहाला ५० वॅट उष्णता त्या एका बोटभर जागेत तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची सोल्डरिंग इस्त्री साधारण २५ ते ६० वॅटची असते. म्हणजे सैल जोड ही भिंतीत लावून ठेवलेली सोल्डरिंग इस्त्रीच होय. त्यावर सुताची धूळ साचलेली असेल तर पुढे काय होईल, हे सांगण्याची गरज नाही.

पुष्कळ बंधू म्हणतात, "फ्यूज आहे, काळजी कशाला?" येथेच फसगत होते. फ्यूज किंवा एमसीबी प्रवाह वाढला तरच तुटतो. सैल जोडाने प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. १६ अँपिअरच्या एमसीबीतून १० अँपिअर जात आहेत, म्हणून तो शांत बसतो आणि जोड मात्र तापत राहतो. या धोक्याची खूण व्होल्ट आणि अँपिअरच्या हिशेबात सापडते.

ती अशी शोधावी. नेहमीचा भार चालू ठेवा. मीटरपाशी दाब मोजा आणि लगेच टेबलापाशी मोजा. मधल्या वेळात बाहेरचा दाब बदलू नये, म्हणून दोन-तीनदा मोजलेले बरे. समजा मीटरपाशी २३२ व्होल्ट आणि टेबलापाशी २२१ आले. फरक ११ व्होल्ट. प्रवाह १० अँपिअर. ११ भागिले १०, म्हणजे वाटेत एकूण १.१ ओहम रोध आहे. वायरचा हिशेबी रोध तर ०.७२ होता. मग उरलेला ०.३८ ओहम कोठून आला? तो कुठल्या तरी जोडात, सॉकेटमध्ये किंवा स्विचमध्ये बसला आहे आणि तेथे ३८ वॅट उष्णता निर्माण होत आहे. दुसरे यंत्र त्याच वायरवर लावून प्रवाह २० अँपिअर केला तर तीच उष्णता चौपट, म्हणजे दीडशे वॅटच्या वर जाईल.

स्विच, सॉकेट मिळून थोडा रोध सगळीकडे असतोच. म्हणून अगदी बारीक फरकाने घाबरू नये. पण हिशेबापेक्षा दीडपट रोध आला तर वायरमनला बोलावून एकेक जोड तपासून घ्यावा. "लाइट बारीक होते" एवढेच सांगितले तर मिस्त्री बल्ब बदलून जाईल. "वाटेत ११ व्होल्ट पडतात, ७ पडायला हवेत" असे सांगितले तर त्याला जोड शोधावाच लागेल.

मोटारीचा हिशेब वेगळा

वरची सूत्रे इस्त्री, शेगडी, गिझर, वायर अशा निव्वळ तापणाऱ्या वस्तूंना सरळ लागू होतात. मोटारीला ती जशीच्या तशी लावू नयेत.

यंत्रमागावरील १ हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार पूर्ण भारावर ४१५ व्होल्टला सुमारे १.८ अँपिअर घेते. ४१५ ला १.८ ने भागले तर २३० येतात, पण हा मोटारीच्या तारेचा रोध नव्हे. तारेच्या वेटोळ्यांचा रोध यापेक्षा पुष्कळ कमी असतो. फिरत्या मोटारीत उलटा दाब निर्माण होतो आणि तोच प्रवाहाला आवरून धरतो.

शक्ती काढतानाही दोन गोष्टी जास्त लागतात. थ्री-फेजसाठी १.७३ ने गुणावे लागते आणि पुढे पॉवर फॅक्टरने गुणावे लागते. १.७३ गुणिले ४१५ गुणिले १.८ केले की सुमारे १२९० येतात. पॉवर फॅक्टर ०.७५ धरला तर प्रत्यक्ष शक्ती सुमारे ९७० वॅट. त्यातील ७४६ वॅट मागाला मिळतात, उरलेले मोटारीत उष्णता आणि घर्षण यांत जातात. सुताच्या गाठीचे एकूण वजन वेगळे आणि बारदान वजा जाता निव्वळ सूत वेगळे, तसेच हे आहे. व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार हे एकूण वजन, पॉवर फॅक्टर लावल्यानंतरचे वॅट हे निव्वळ सूत. जुन्या चोकवाल्या ट्यूबचेही तेच. ती ०.४३ अँपिअर घेते, गुणाकार ९९ येतो, पण खरा खर्च त्याच्या जवळपास निम्माच असतो. बिलावर पॉवर फॅक्टर छापून येत असेल तर तो आकडा जरूर पाहावा. कमी असेल तर योग्य मापाचा कपॅसिटर बसवण्याबाबत जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आणखी एक मोठा फरक आहे. दाब उतरला की इस्त्री थंड पडते, पण मोटार जास्त तापते. मागाला काम तेवढेच करायचे असते, म्हणून दाब कमी झाला की मोटार प्रवाह जास्त ओढते. दाब १० टक्क्यांनी उतरला तर प्रवाह साधारण ११ टक्क्यांनी वाढतो आणि वेटोळ्यांतील उष्णता जवळपास सव्वापट होते. मोटार अडकून पडली तर प्रवाह पाच ते सात पट होतो. पाच पट प्रवाह म्हणजे पंचवीस पट उष्णता. एक फेज गेल्यावर मोटार घूं-घूं करीत उभी राहते आणि काही वेळात जळते, त्यामागे हाच हिशेब आहे. म्हणून प्रत्येक मोटारीवर लिहिलेल्या अँपिअरप्रमाणे ओव्हरलोड रिले लावलेला असावा. रिले वारंवार तुटतो म्हणून त्याचा काटा वर चढवून ठेवणे म्हणजे मोटार जाळण्याची तयारी करणे होय.

मोजताना घ्यावयाची काळजी

प्रवाह मोजण्यासाठी चिमट्यासारखा क्लॅम्प मीटर वापरावा. जुने वायरमन त्याला टाँग टेस्टर म्हणतात. वायर न कापता, न सोलता तो प्रवाह दाखवतो. मात्र चिमट्यात एकच वायर घ्यावी. जाणारी आणि येणारी दोन्ही एकदम घेतल्या तर काटा शून्य दाखवतो.

मल्टीमीटर ओहमवर ठेवून चालू वायरला कधीही लावू नये. मीटर जळेल आणि हातालाही इजा होईल. दाब मोजताना हात कोरडे असावेत, पायात रबरी चप्पल असावी, आणि उघडी पट्टी, मेन स्विच किंवा थ्री-फेज पॅनेलवरचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मोजणी त्याने करावी, आकडे आपण वहीत लिहावेत, हिशेब आपण करावा.

वहीतील एक पान

सारांश असा की ताळेबंदाच्या वहीप्रमाणे विजेचेही एक पान ठेवावे. दर तीन महिन्यांनी, भार चालू असताना, मीटरपाशी आणि शेवटच्या यंत्रापाशी व्होल्ट लिहावेत. प्रत्येक मोटारीचे अँपिअर लिहावेत. मागच्या आकड्यांशी ताडून पाहावे. अँपिअर वाढले असतील तर मोटारीचे बेअरिंग, पट्टा किंवा दाब यांत दोष आहे. दोन ठिकाणच्या व्होल्टमधील फरक वाढला असेल, तर तो अँपिअरने भागावा. उत्तर मागच्या वेळेपेक्षा जास्त आले, तर कोठे तरी जोड सैल झाला आहे आणि तो दिवसभर तापत आहे.

अर्ध्या तासाचे हे काम आहे. शेडमध्ये माग आपले असतात, बीमवरचे सूत पुष्कळदा दुसऱ्याचे असते आणि रात्रपाळीला माणसे आत असतात. त्या सर्वांसाठी हा अर्धा तास काढलाच पाहिजे.